घोरनाचाचे कूळ

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील खेड्यांत नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत सोंग घेऊन दारोदार फिरणाऱ्या नाचमंडळीच्या खेळाला 'घोर' किंवा 'घोरनाच' म्हणतात. काळजी या अर्थाच्या मराठी 'घोर' शब्दाशी त्याचे काही नाते नाही. दक्षिण गुजरातेत हाच नाच दुबळा, म्हणजेच हळपती, समाज करतो आणि तेथे नाचणाऱ्यांना 'घेरैया' हे नाव आहे. राजस्थानात होळीच्या दिवसांत दांड्या वाजवत रिंगणाने नाचतात ती 'गैर', आणि इंदूरला रंगपंचमीला निघते ती 'गेर', जिच्यात होळकरांच्या काळी राजघराण्यातील मंडळी घोडे-हत्तींसह सामील होत, असे सांगतात. ही सारी नावे 'घेर', म्हणजे वर्तुळ, या एकाच शब्दाच्या गोतातली दिसतात. फरक इतकाच, की इंदूरला रिंगण सुटून मिरवणूक उरली आणि डहाणूकडे फिरती मंडळी अंगणाअंगणात थांबून पुन्हा रिंगण धरते.

गुजराती वळणाचा हा नाच महाराष्ट्रात कसा, असा प्रश्न नकाशा पाहणाऱ्यालाच पडावा. 1960 साली राज्ये वेगळी झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्याचा उंबरगाव तालुका दुभंगून त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांचे तलासरी झाले. सीमा गावांमधून गेली, नाच दोन्ही बाजूंना राहिला.

घेरैयाचा वेश अर्धा पुरुषाचा, अर्धा स्त्रीचा असतो: डोक्याला फुले खोवलेला फेटा, अंगाभोवती साडी, डोळ्यांत काजळ, पायांत घुंगरू, एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात मोरपिसांची जुडी. मंडळी देवीची भक्त म्हणून तिचे रूप अंगावर घेते, असा याचा अर्थ लावला जातो. पुढे गाणाऱ्याला 'कवयो' म्हणतात. तो घरधन्याला आशीर्वाद देतो, बाकीचे त्याचे शब्द झेलतात आणि घरातून दक्षिणा मिळते.

ही दक्षिणा भीक नव्हे, हे या प्रथेतले खरे मर्म. दुबळा माणूस लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनमालकाचा 'हाळी', म्हणजे बांधील शेतमजूर, होई. डहाणू-तलासरीकडे अशाच कर्जात अडकलेल्या वारल्याला 'लग्नगडी' म्हणत, आणि 1945 च्या वारली उठावाने त्या वेठीवर घाव घातला. वर्षभर मालकाच्या अंगणात खाली मान घालून राबणारा माणूस देवीच्या वेशात त्याच अंगणात उभा राहिला, की आशीर्वाद देणारा तो आणि घेणारा मालक होई. अंगणाचे हे महत्त्व तुलनेने कळते: वेल्समध्ये नाताळाच्या सुमारास घोड्याची कवटी काठीवर मिरवत दारोदार जाणाऱ्या 'मारी लुईड'च्या मंडळीला आत शिरण्यासाठी घरच्यांशी दारातच पद्यात झगडावे लागते. घोरवाल्यांना दार उघडून घेण्याची गरज नसते, त्यांचा सगळा खेळ अंगणातच होतो.