उष्णतामान, विक्रियेचा वेग आणि चांदवडची कांदाचाळ

उष्णतेने रासायनिक विक्रिया शीघ्र होतात, हा अनुभव पुरातन. त्याला गणिती रूप मात्र एकोणिसाव्या शतकात लाभले. १८५० मध्ये विल्हेल्मी याने आम्लाच्या योगाने होणाऱ्या साखरेच्या विघटनाचा वेग मोजला. १८८४ मध्ये व्हांट हॉफ याने वेग व उष्णतामान यांचा संबंध मांडला. १८८९ मध्ये अऱ्हेनियस याने त्याच साखरेच्या विक्रियेवरून प्रतिपादिले की, पुरेशी ऊर्जा लाभलेले थोडेच रेणू विक्रियेस सिद्ध असतात आणि उष्णतेने त्यांची संख्या झपाट्याने वाढते. १० अंशांस वेग सुमारे दुप्पट, हा स्थूल नियम त्यातूनच उलगडतो.

चांदवड तालुक्यातील उन्हाळ कांद्यास हा नियम लावू गेल्यास मात्र कोडे पडते. भावाच्या आशेने शेतकरी हा कांदा कित्येक महिने हवेशीर चाळीत, ३० अंशांच्या आसपास, राखतो. हे अज्ञान म्हणावे काय? मुळीच नाही. उष्णतेने कांद्याचे श्वसन वाढते, वजन घटते, दमट हवेत सडही पसरते. येथवर अऱ्हेनियस खरा. परंतु कोंब येण्याची क्रिया शून्याजवळ मंद, १० ते २० अंशांत जलद आणि २५ च्या वर पुन्हा मंद असते. कारण ती एकच विक्रिया नसून संप्रेरकांच्या नियंत्रणाखालील विक्रियांची साखळी आहे. म्हणून अर्धवट गारवाच सर्वांत घातक. शून्याजवळचे शीतगृह खर्चिक, आणि तेथून बाहेर काढलेला कांदा लवकर कोंबतो.

जवळच लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेल्या प्रकल्पात गॅमा किरणांनी कोंब रोखण्याची सोय झाली. श्वसनाने व सडीने होणारी घट मात्र त्यानंतरही उष्णतामानावरच अवलंबून राहते.