मात्सुमोतोच्या बेस गिटारी : बखर आणि अस्सल कागद

जपानच्या नागानो प्रांतात, हिदा पर्वताच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर मात्सुमोतो नावाचे जुने किल्ल्याचे शहर वसलेले आहे. त्या किल्ल्याची काळ्या भिंतींची वास्तू पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी तेथे जातात. परंतु गेल्या अर्धशतकात वादकांच्या आणि संग्राहकांच्या तोंडी त्या शहराचे नाव जे रुळले आहे, ते किल्ल्यामुळे नव्हे, तर तेथील कारखान्यांतून निघालेल्या विद्युत् गिटारींमुळे, आणि त्यांतही जिचा स्वर वृंदातील इतर सर्व स्वरांच्या खाली राहून त्यांना आधार देतो त्या चार तारांच्या बेस गिटारीमुळे. या वाद्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती अशी, की कारखाना एकाचा, नाममुद्रा दुसऱ्याची आणि विक्री तिसऱ्याची, अशी या धंद्याची वहिवाट असल्यामुळे वाद्याच्या शीर्षावरील नाव वाचून त्याचा कर्ता कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी बाजारात ज्या आख्यायिका प्रसृत झाल्या, त्यांची योग्यता आपल्याकडच्या बखरींहून अधिक नाही. आणि मराठ्यांच्या इतिहासात इतिहाससंशोधक राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना जे प्रामाण्य दिले, ते येथे वाद्याच्या अंगावरील खुणांना दिल्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे ठाम मत आहे.

बेस गिटार हे वाद्य वयाने लहान आहे. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, आणि माणसाच्या उंचीहून मोठ्या अशा उभ्या डबल बेसचे काम खांद्याला अडकविता येणाऱ्या, पडदे बसविलेल्या, विजेवर चालणाऱ्या वाद्याकडे आले. १९६० साली त्याच पेढीची ‘जॅझ बेस’ आली, आणि या दोन नमुन्यांनी पुढील सर्व घडणावळीचे मानदंड ठरवून दिले. जपानात विद्युत् वाद्यांचा धंदा महायुद्धानंतरच्या ओढगस्तीच्या दिवसांत मूळ धरू लागला. टीस्को ही त्यातील ठळक पेढी १९४६ साली तोक्योत निघाली. तथापि या धंद्याला बहर आला तो १९६५ साली, जेव्हा ‘व्हेंचर्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या दौऱ्याने जपानी तरुणांना झपाटून टाकले. ‘एलेकी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युत् गिटारीचे वेड इतके पसरले, की तोचिगी प्रांतातील आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने विद्यार्थ्यांना त्याची मनाईच केली. पुढील वर्षी बीटल्स तोक्योच्या बुदोकान सभागृहात वाजवून गेले, आणि पॉल मॅकार्टनी यांच्या हातातील, व्हायोलिनच्या आकाराच्या जर्मन होफ्नर बेसच्या जपानी प्रतिकृती ठिकठिकाणी तयार होऊ लागल्या.

त्या काळी एका डॉलरला ३६० येन हा १९४९ साली ठरलेला दर कायम असल्यामुळे जपानी माल अमेरिकेत फार स्वस्त पडे. तेथील घाऊक व्यापारी एकाच कारखान्याचा माल ‘किंग्स्टन’, ‘केंट’, ‘टीस्को डेल रे’ अशा निरनिराळ्या नावांनी मागवीत आणि आपापल्या गिऱ्हाइकांस विकीत. या पहिल्या पिढीच्या बेस गिटारी बहुधा आखूड तारांच्या, सुमारे ३० इंची असत. काहींच्या माना जाड व ओबडधोबड, तर काहींच्या खुंट्या सुरात टिकत नसत. असे असूनही त्यांच्या चित्रविचित्र आकारांत एक निरागस धाडस आहे, आणि त्यांना केवळ स्वस्त खेळणी म्हणून हिणविणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. हा बहर मात्र अल्पायुषी ठरला. मागणी ओसरताच पुष्कळ कारखाने बुडाले, आणि १९६७ साली खुद्द टीस्को कावाई या पियानो करणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली.

या पडझडीतून जे टिकले त्यांत मात्सुमोतोचे स्थान अग्रगण्य होय. तेथील हवा कोरडी, त्यामुळे लाकूड सुकविण्यास अनुकूल. लाकडी सामान घडविण्याची परंपरा जुनी. आणि १९४६ पासून शिनिची सुझुकी यांनी मुलांना व्हायोलिन शिकविण्याची आपली सुप्रसिद्ध पद्धती याच शहरात रुजविलेली, त्यामुळे वाद्य ही वस्तू गावाला परकी नव्हती. १९५१ साली स्थापन झालेला मात्सुमोकू हा कारखाना शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या करीत असे, आणि सिंगर कंपनीसाठी अशा पेट्या करता करता सफाईदार सांधकामात व रोगणकामात तयार झालेले त्याचे हात पुढे गिटारींकडे वळले. १९६० साली युइचिरो योकोउची आणि युताका मिमुरा यांनी फुजिगेन गाक्की ही कंपनी काढली. तिने आरंभ केला तो शास्त्रीय पद्धतीच्या, नायलॉनच्या तारांच्या गिटारींनी. या दोन कारखान्यांनी स्वतःच्या नावाने विकले त्याहून कितीतरी अधिक दुसऱ्यांच्या नावाने घडविले. नागोयाच्या होशिनो गाक्की या पेढीची ‘आयबानेझ’, कांदा शोकाई या तोक्योतील व्यापारी पेढीची ‘ग्रेको’, नागोयाच्याच आराई पेढीची ‘आरिया’, ही नावे जगाला ठाऊक झाली. रंधा, पटाशी व कानस चालविणाऱ्यांची नावे कोणीच कोठे कोरली नाहीत. जुन्या जपानी बेस गिटारीची नेमकी ओळख पटविण्याच्या उद्योगाला मी नुसता छंद न मानता एका अर्थाने ऋणफेड मानतो, ती यामुळेच.

१९७० च्या दशकात या कारखान्यांनी अमेरिकन नमुन्यांच्या तंतोतंत नकला केल्या, ही गोष्ट निर्विवाद आहे. आरंभीच्या नकला वरवरच्या होत्या. धड प्लायवुडचे आणि त्यावर देखण्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असा प्रकार सर्रास चाले. परंतु दशकाच्या मध्यानंतर नकलेचा दर्जा इतका वाढला की त्याच सुमारास अमेरिकन कारखान्यांतून निघणाऱ्या अस्सल वाद्यांशी त्यांची तुलना होऊ लागली, आणि ती दर वेळी अस्सलास अनुकूल ठरत नसे. याच काळातील एका कज्ज्यामुळे बाजारातील सर्वांत मोठी बखर जन्मास आली. गिब्सन या अमेरिकन गिटार पेढीची मालक कंपनी नॉर्लिन हिने २८ जून १९७७ रोजी फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात होशिनोच्या अमेरिकेतील एल्गर या शाखेविरुद्ध फिर्याद गुदरली. वाद होता तो गिब्सन गिटारीच्या शीर्षाच्या आकाराचा. आणि आयबानेझने फिर्यादीपूर्वीच तो आकार बदललेला असल्यामुळे प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटले. हा फेंडरने भरलेला दावा नव्हता, आणि बेस गिटारीचा तर त्यात प्रश्नच नव्हता. असे असता आज त्या दशकातील कोणत्याही जपानी नकलेला, मग ती कोणत्याही कारखान्याची असो, खटल्यातील वाद्य म्हणून चढ्या भावाने विकण्याची जी प्रथा पडली आहे, तिला इतिहासाचा काडीचाही आधार नाही. खरेदीदाराने अशा कैफियतीसाठी एक पैही अधिक देऊ नये.

मला स्वतःला या काळाचे खरे वैभव दिसते ते नकलांत नसून नकलेच्या शाळेतून बाहेर पडून या कारागिरांनी घडविलेल्या स्वतंत्र वाद्यांत. हामामात्सुच्या यामाहा कंपनीने १९७७ साली आपली ‘बीबी’ मालिका सुरू केली. त्या मालिकेतील वरच्या प्रतीच्या नमुन्यांत मान आणि धडाचा मधला भाग आरपार एकसंध ठेवून त्याला दोन्ही बाजूंनी पंख जोडलेले असत, त्यामुळे खर्जातील स्वर दीर्घकाळ टिके. मात्सुमोकूत घडलेली आरिया प्रो टू ‘एसबी-१०००’ ही त्याच रचनेची. ड्युरान ड्युरानचे जॉन टेलर आणि मेटॅलिकाचे क्लिफ बर्टन यांनी ती वाजविली. ‘पोलीस’ या वृंदाच्या स्टिंग यांनी आयबानेझची बिनपडद्यांची ‘म्युझिशियन’ बेस हाती घेतली. पंधराच वर्षांपूर्वी ज्या देशाच्या गिटारी अमेरिकन दुकानांत निनावी विकल्या जात होत्या, त्या देशाच्या कारागिरीला पाश्चात्त्य वादकांनी दिलेली ही सनदच होय.

फेंडर कंपनीनेही अखेर या सामर्थ्याची दखल घेतली. १९६५ पासून सीबीएस या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात असलेल्या त्या पेढीच्या मालाचा दर्जा खालावला होता, आणि जपानी स्पर्धकांशी झुंजण्याऐवजी त्यांच्याशी करार करणे तिला श्रेयस्कर वाटले. मार्च १९८२ मध्ये कांदा शोकाई व यामानो गाक्की यांच्या भागीदारीत फेंडर जपान स्थापन झाली आणि घडणावळीचे काम फुजिगेनकडे गेले. ‘जेव्ही’ या अक्षरांनी आरंभ होणारे क्रमांक असलेली १९८२ ते १९८४ या काळातील वाद्ये आज सर्वाधिक शोधली जातात. १९८५ साली सीबीएसने फेंडर विकली तेव्हा फुलरटनचा कारखाना त्या सौद्यात नव्हता, आणि अमेरिकेत नवी घडी बसेपर्यंत जपानी मालावरच कंपनीने बाजार सांभाळला. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच राष्ट्रांच्या अर्थमंत्र्यांनी केलेल्या करारानंतर येन झपाट्याने वधारला. डॉलरला सुमारे २४० असलेला भाव १९८७ अखेर १२० च्या आसपास आला. स्वस्त माल कोरियाकडे वळला, आणि १९८७ सालीच मात्सुमोकू बंद पडला.

आता ओळख पटविण्याविषयी. सर्वांत सुलभ साधन नमुन्याच्या अंकात दडलेले असते, कारण त्या काळच्या अनेक जपानी पेढ्या मूळ किंमतच अंकात गोवीत असत : ‘एसबी-१०००’ म्हणजे एक लाख येन, ‘बीबी-१२००’ म्हणजे एक लाख वीस हजार, तोकाई या पेढीच्या अंकातील ६० म्हणजे साठ हजार, आणि फेंडर जपानच्या ‘जेबी६२-११५’ मधील शेवटचे ११५ म्हणजे एक लाख पंधरा हजार येन. एकाच वर्षी निघालेल्या, दिसायला सारख्या दोन वाद्यांतील लाकूड, पिकअप आणि रोगण यांचा फरक या अंकावरून कळतो. फुजिगेनच्या आयबानेझ वाद्यांच्या क्रमांकांत १९७५ पासून पहिले इंग्रजी अक्षर महिन्याचे व पुढील दोन अंक वर्षाचे असत. ‘सी७८’ म्हणजे मार्च १९७८. फेंडर जपानच्या क्रमांकांत मात्र आरंभीची अक्षरे पुढे पुन्हा वापरली गेली असल्यामुळे, मानेच्या टाचेवर ‘मेड इन जपान’ आहे की १९९७ च्या सुमारास फुजिगेनकडील काम इतरत्र गेल्यावर आलेले ‘क्राफ्टेड इन जपान’ आहे, हे पाहिल्यावाचून निर्णय करू नये. धडाच्या पाठीवरील पत्र्यावर ‘स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक’ ही अक्षरे दिसली तर मात्सुमोकूचा तर्क करण्यास जागा आहे. पण पत्रा चार स्क्रूंनी सुटतो आणि दुसऱ्या वाद्यावर बसतो, हे विसरू नये.

म्हणून खरी तपासणी वाद्य उघडूनच होते. मान धडातून सोडवली की तिच्या टाचेवर आणि धडातील खाचेत शिक्के किंवा पेन्सिलीच्या खुणा आढळतात, आणि वरच्या रोगणाखाली धडाचे लाकूड एकसंध आहे की थरांचे, हेही खाचेच्या कडेवर उघडे पडते. स्क्रू मेट्रिक मापाचे असतील तर वाद्य जपानी असण्याची शक्यता वाढते. जेथे अमेरिकन कारखाने अ‍ॅश वापरीत तेथे जपानी कारागीर पुष्कळदा ‘सेन’ हे तशाच रेषांचे स्थानिक लाकूड वापरीत. पडदे ज्या पट्टीवर बसवितात तिला लागणाऱ्या भारतीय शिसवाचा वृक्ष तर आपल्या सह्याद्रीतही वाढतो. या लाकडामुळे या व्यापारात मोठा व्यत्यय येऊन गेला : दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटीस करारान्वये २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींना परवान्याची अट लागू झाली, आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझीलच्या शिसवास मात्र ती नाही.

तोक्योतील ओचानोमिझूच्या गिटार दुकानांच्या रांगेत, जुन्या सामानाच्या दुकानांत आणि जपानी लिलावांत या वाद्यांचा बाजार आज भरलेला असतो. २०२२ पासून येन कोसळत जाऊन डॉलरला १५० च्याही पलीकडे गेल्यामुळे परदेशी खरेदीदारांचा ओघ वाढला, आणि त्याबरोबर लबाडीही वाढली. ग्रेको किंवा तोकाईचे नाव खरवडून त्या जागी फेंडरची नाममुद्रा चिकटविणे हा त्यातला सर्वांत क्षुद्र प्रकार. कारण त्यात गिऱ्हाईक तर फसतेच, शिवाय ज्या कारखान्याने ते वाद्य घडविले त्याची एकमेव साक्षही कायमची पुसली जाते. त्याहून अधिक हानी मात्र प्रामाणिक मालकांच्या हातून होते. ते उत्साहाच्या भरात जुने पिकअप, घोडी, खुंट्या बदलतात आणि काढलेले भाग फेकून देतात.

तेव्हा ज्या वाचकाच्या घरी असे एखादे वाद्य असेल, किंवा जो ते घेण्याच्या विचारात असेल, त्याला माझी विनंती एवढीच, की मानेच्या टाचेवरचा शिक्का कानशीने घासू नये, धडावर नवे रोगण चढवू नये, जे भाग बदलणे भाग पडेल ते वाद्याच्या पेटीतच जपून ठेवावेत, आणि वाद्य विकताना ते नव्या मालकाच्या स्वाधीन करावेत.