झटपट नूडल्स : व्हीगन आहाराच्या दृष्टीने पारख

मांस, मासे, अंडी, दूध, मध आणि त्यांपासून काढलेले पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या व्हीगन आहारात पाकीटबंद नूडल्स चालतील की नाही, हे ठरवण्याची रीत. मोमोफुकु आन्दो यांनी १९५८ साली जपानच्या बाजारात आणलेल्या पहिल्या झटपट नूडल्स कोंबडीच्या रश्श्याच्या चवीच्या होत्या. भारतात बहुतेक पाकिटे शाकाहारी असतात. पण शाकाहारी म्हणजे व्हीगन नव्हे, आणि नेमकी इथेच गफलत होते.

नूडल्सची वडी सहसा अडचणीची नसते. मैदा, पामतेल, मीठ आणि पिठाला चिवटपणा आणणारे कार्बोनेट क्षार, एवढ्यावर ती होते. खरी पारख मसाल्याच्या पुडीची. तिच्या घटकांची यादी अनेकदा वडीच्या यादीखाली वेगळी छापलेली असते, म्हणून पहिली यादी वाचून थांबू नये.

पाकिटावरच्या शाकाहाराच्या खुणेमुळे, म्हणजे हिरव्या ठिपक्यामुळे, मांस, मासे व अंडी यांची काळजी मिटते. दूध आणि मध मात्र त्या ठिपक्याला चालतात. तेव्हा यादीत ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे पावडर’, ‘लॅक्टोज’, ‘केसिनेट’, ‘चीज पावडर’ हे शब्द शोधावेत. त्याखालच्या ॲलर्जीच्या सूचनेत ‘कंटेन्स मिल्क’ असेल तर पाकीट बाद. ‘मे कंटेन मिल्क’ याचा अर्थ वेगळा: दूध घातलेले नाही, पण त्याच कारखान्यातून त्याचा अंश आला असू शकतो. बहुतेक व्हीगन मंडळी असे पाकीट चालवून घेतात. दुधाची ॲलर्जी असलेल्याने ते घेऊ नये. कांदा-लसूण नसलेल्या ‘जैन’ पाकिटांनाही हीच तपासणी लागू, कारण तिथे दूध वर्ज्य नसते.

चव वाढवणाऱ्या ६३१ क्रमांकाच्या द्रव्याविषयी भीती फार पसरली आहे. शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये हा घटक सुकवलेल्या बोनिटो माशात शोधला, आणि तो मांस-माशांपासून काढता येतो हे खरे आहे. पण आज तो मोठ्या प्रमाणावर किण्वनाने तयार होतो, आणि प्राणिजन्य ६३१ घातलेल्या मालावर हिरवा ठिपका लावता येत नाही. त्याचा सोबती ६२१, म्हणजे अजिनोमोटो, उसाच्या मळीसारख्या वनस्पतिजन्य मालापासून होतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम केले. चौकटीतला हिरवा ‘व्ही’ आणि त्याला फुटलेले पान ही त्याची खूण. या नियमांत स्वाद, विकरे व प्रक्रियेत वापरलेली साहाय्यक द्रव्येही मोजली जातात, म्हणून ही खूण सर्वांत भरवशाची. ती नसली म्हणून माल आपोआप बाद होत नाही. यादी वाचावी लागते, एवढेच.

परदेशी राहणाऱ्यांना हिरव्या ठिपक्याचा आधार नसतो. कोरियन पुड्यांत गोमांसाचा अर्क किंवा सुकी मासळी, थाई पुड्यांत सुकट, जपानी पुड्यांत बोनिटो सर्रास आढळतो, आणि काही वड्यांत अंडे असते. भाज्यांचे चित्र छापलेल्या पाकिटातही असा अर्क निघतो. एकाच नावाच्या पाकिटातला माल देशागणिक बदलतो, त्यामुळे पुण्यात चाललेले पाकीट सोलमध्ये तसेच असेल असे धरू नये.