आत्मनिवेदन आणि दास्य : मराठी कॅथलिक नित्यप्रार्थनेतील शरणागतीचा इतिहास

१

मराठी वाङ्मयेतिहासाने कॅथलिक धर्मजीवनाची दखल घेतली ती बहुतांशी एका ग्रंथाच्या निमित्ताने. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात, राशोल येथे, रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ ची जे. एल. सालढाणा यांची मंगळूर आवृत्ती, १९५६ ची शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आणि १९९६ ची कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती यांमुळे सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य अभ्यासकांच्या हाती आले. त्यानंतरची चर्चा साहजिकच काव्याभोवती फिरत राहिली: ओवीची घडण, संतकाव्याचे संस्कार, मराठीची स्तुती, ‘वैकुंठ’सारख्या शब्दांचे ख्रिस्ती उपयोजन.

या चर्चेत एक भेद मात्र दुर्लक्षित राहिला. पुराण हे ऐकण्यासाठी असते, प्रार्थना ही म्हणण्यासाठी असते. पुराण ऐकणारा श्रोता कथेच्या बाहेर राहू शकतो. प्रार्थना म्हणणाऱ्याला ती मुभा नसते. प्रार्थनेतील ‘मी’ हा उच्चारणाऱ्याचा स्वतःचा ‘मी’ होतो. जे. एल. ऑस्टिन यांनी ज्यांना कृतिरूप उक्ती म्हटले, त्या वर्गात प्रार्थना मोडते: ‘शरण आलो’ असे म्हणणे हे शरण येण्याचे वर्णन नव्हे, ते शरण येणेच होय. म्हणूनच मराठी भाषक कॅथलिक समाजाने ईश्वराला शरण जाण्याची कल्पना कशी आत्मसात केली, याचा शोध केवळ पुराणात घेऊन भागणार नाही. तो रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत आणि त्या प्रार्थनेने बांधलेल्या दिवसात घ्यावा लागेल.

स्टीफन्स यांच्या स्वतःच्या लेखनातच या भेदाची जाणीव दिसते. पुराणासाठी त्यांनी प्रतिष्ठित काव्यभाषा म्हणून मराठी निवडली, आणि ती सुबोध व्हावी म्हणून तीत स्थानिक बोलीतील शब्द मिसळले. परंतु १६१९ मध्ये ते निवर्तल्यानंतर १६२२ साली राशोललाच छापली गेलेली त्यांची ‘दौत्रीन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तररूप धर्मशिकवण मात्र गोव्याच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेत, म्हणजे आज जिला कोंकणी म्हणतात त्या भाषेत आहे. एकाच लेखकाने कथनासाठी एक आणि नित्यपाठासाठी दुसरी भाषा वापरावी, यामागे प्रार्थनेच्या स्वरूपाविषयीचा एक निर्णय आहे: ज्या भाषेत माणूस आपल्या आईशी बोलतो, त्याच भाषेत त्याने देवाला शरण जावे.

२

मराठीत शरणागतीची भाषा मिशनऱ्यांनी घडवली नाही. ती त्यांना तयार मिळाली. तिची व्याप्ती केवळ ग्रंथांपुरती नव्हती आणि नाही. आज जळगाव शहरात समाविष्ट असलेल्या पिंप्राळ्याचे उदाहरण घ्यावे. खान्देशाचे प्रतिपंढरपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी आषाढी एकादशीला रथोत्सव होतो. पंढरपूर ज्यांना गाठता येत नाही त्यांच्यासाठी विठ्ठल इथेच भेटतो. अशा परिसरात वाढलेल्या मराठी माणसाला, तो कोणत्याही धर्माचा असो, ‘शरण’, ‘चरण’, ‘माउली’, ‘सेवा’ हे शब्द कोशातून शिकावे लागत नाहीत. जळगाव आणि धुळे ज्या नाशिक धर्मप्रांतात येतात तो १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याच्या मराठी उपासनेला ही शब्दसंपत्ती वारशानेच लाभली.

परंतु शब्द तेच राहिले तरी त्यांचा क्रम बदलला, आणि क्रम बदलला की अर्थही बदलतो. भागवतातील नवविधा भक्तीत श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन अशा पायऱ्या आहेत. रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात त्यांचे क्रमशः विवरण केले आहे. या मांडणीत दास्य सातवे आणि आत्मनिवेदन शेवटचे. सेवा करता करता, सख्याचा टप्पा ओलांडून, भक्त अखेर स्वतःला देवाच्या स्वाधीन करतो. आत्मनिवेदन ही साधनेची परिणती आहे.

कॅथलिक दिवसाची रचना याच्या उलट आहे. तो दिवस सुरू होतो तोच आत्मनिवेदनाने. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्याच्या अखेरच्या चिंतनातील अर्पणप्रार्थनेत साधक आपले स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा देवाच्या हवाली करतो. महिन्याभराच्या एकांतसाधनेचे हे फलित पुढे सामान्य गृहस्थाच्या पहाटेपर्यंत पोहोचले. १८४४ मध्ये फ्रान्समध्ये येशूसंघीयांनी सुरू केलेल्या प्रार्थना-चळवळीतून ‘सकाळचे अर्पण’ जगभर रूढ झाले. त्यात दिवसभराच्या प्रार्थना, कामे, आनंद आणि दुःखे ही सारी, अजून घडायची असतानाच, देवाला वाहून टाकली जातात. म्हणजे येथे शरणागती हे शिखर नसून उंबरठा आहे. दास्य तिच्यानंतर येते, आणि दिवसभर तिची परीक्षा घेते. रात्री झोपण्यापूर्वी करावयाचे आत्मपरीक्षण म्हणजे सकाळी दिलेल्या शब्दाचा हिशेब.

या क्रमबदलाचा एक परिणाम असा, की प्रार्थना आणि काम यांच्यातील सीमा पुसट होते. आधीच अर्पण केलेल्या दिवसातले दळण, शेत, दवाखाना, शाळा हे उपासनेचे व्यत्यय उरत नाहीत. ते तिचेच द्रव्य ठरतात. दुसरा परिणाम ‘इच्छा’ या कल्पनेवर होतो. प्रभूच्या प्रार्थनेतील तिसरी मागणी देवाच्या इच्छेविषयीची आहे. मराठी पाठ तेथे ‘इच्छा’ हा शब्द योजतो. कोंकणीच्या प्रचलित पाठात मात्र ‘खुशी’ आहे. ‘इच्छा’ शब्दात आज्ञेची छाया पडू शकते. ‘खुशी’त देणाऱ्याचा संतोष आहे. एकाच मागणीची ही दोन भाषिक रूपे शरणागतीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सुचवतात: एक स्वामीच्या हुकुमापुढे झुकणारी, दुसरी प्रियजनाचा आनंद सांभाळणारी.

३

या दोन दृष्टींमधला ताण सर्वांत तीव्रपणे एका शब्दात एकवटतो. तो शब्द ‘दासी’. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन वेळा घंटेबरोबर म्हटल्या जाणाऱ्या देवदूताच्या प्रार्थनेत मरियेचे उत्तर येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या मराठी अनुवादात ती स्वतःला प्रभूची दासी म्हणवते. ग्रीक मूळ शब्द गुलाम स्त्रीचा वाचक आहे. मराठीत तो ‘दासी’ झाला, आणि मराठीत ‘दासी’ म्हटल्याबरोबर जनाबाई आठवते.

जनाबाईने दासीपण नाममुद्रेत जपले. नामदेवाच्या घरची ती मोलकरीण. दळण-कांडण हे तिचे रोजचे जिणे. तिच्या अभंगांतून आणि आख्यायिकांतून विठ्ठलच तिच्या कामाला हात लावतो. दासीची सेवा देव करतो, हा येथील उलटा न्याय. कॅथलिक उपासनेत याला समांतर असा प्रसंग पवित्र गुरुवारचा आहे. त्या दिवशी ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतल्याचे स्मरण म्हणून धर्मगुरू श्रद्धावंतांचे पाय धुतो. दोन्ही परंपरांत ‘चरण’ हा शब्द दिशा बदलतो: ज्याच्या चरणी शरण जायचे, तोच शरणागताच्या चरणांपाशी बसतो.

हे साम्य मोहक आहे, परंतु समीक्षेने तेथे थांबू नये. जनाबाई दासी होती ती रूपकाने नव्हे. समाजाने तिला दासी केले होते. प्रार्थनेत ‘दासी’ म्हणणे आणि घरात दासी असणे यांत जे अंतर आहे, ते केवळ अर्थछटांचे नाही. लोयोलांची अर्पणप्रार्थना स्वातंत्र्याच्या दानापासून सुरू होते. ज्याच्यापाशी स्वातंत्र्यच नाही, त्याने काय अर्पण करावे? मराठी कॅथलिक इतिहासाला हा प्रश्न टाळता येत नाही.

४

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येशूसंघीय धर्मगुरू अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या खेड्यांत पोहोचले. तेथे ख्रिस्ती झालेल्यांत मोठा वर्ग अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा होता. गोव्यातील ख्रिस्ती समाजापुढचा प्रश्न भाषेचा होता. १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांच्या फर्मानाने तेथील लोकभाषेवर बंदी घातली आणि प्रार्थनेची जिव्हाच तोडण्याचा प्रयत्न केला. देशावरच्या नव्या ख्रिस्ती माणसापुढचा प्रश्न वेगळा होता. त्याची भाषा कोणी हिरावली नव्हती. परंतु त्या भाषेतला ‘जोहार’, ‘पायरी’, ‘चाकरी’ असा प्रत्येक शब्द त्याच्या वाट्याला आलेल्या दास्याने मळलेला होता. चोखामेळ्याला ज्या पायरीपाशी थांबावे लागले, त्या पायरीची आठवण घेऊनच तो चर्चमध्ये शिरत होता.

याच पट्ट्यात, नाशिक जिल्ह्यातील येवले येथे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ मध्ये त्यांनी स्वीकारलेल्या मार्गात ईश्वरशरणतेला स्थान नव्हते; आत्मसन्मान हाच त्याचा पाया होता. या भूमिकेचे आव्हान कॅथलिक शरणागतीला थेट भिडते. दास्याची सवय लावलेल्या माणसाला पुन्हा दास्यच शिकवले जात नाही ना? त्यात राज्यव्यवस्थेने भर घातली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाच्या कक्षेत १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले.

या आव्हानाचे उत्तर प्रार्थनेच्या बाहेरून आणावे लागत नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. मरियेचे ‘दासी’ म्हणून उत्तर आणि तिचे स्तोत्र लूकच्या एकाच अध्यायात आहेत. ते स्तोत्र चर्चच्या सायंप्रार्थनेत रोज म्हटले जाते. त्यात सत्ताधीश आसनावरून खाली येतात, दीन उंचावले जातात, भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हातांनी परततात. जी स्वतःला दासी म्हणते, तीच हे गाते. एका देवाची दासी झालेली स्त्री दुसऱ्या कोणाची दासी उरत नाही, हा या दोन पाठांमधला अन्वय आहे. दुपारची घंटा सायंस्तोत्रापासून तोडली, की शरणागतीची ताबेदारी होते. इतिहासात असे तोडणे घडले आहे. सत्तेशी जुळवून घेणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेला ते सोयीचे असते. नित्यपाठ पूर्ण म्हणण्याचे मोल येथे कळते.

ही पूर्णता मराठीत यायला विसावे शतक उजाडावे लागले. मिस्सा लॅटिनमध्ये होती, तोवर मराठी माणसाची प्रार्थना जपमाळेत आणि घरगुती पाठांत होती, वेदीवर नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक घोषणापत्राद्वारे लोकभाषांना वाट मोकळी केली. त्या निर्णयातून घडलेल्या पिढीचे ठळक प्रतिनिधी म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४). ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, ‘सुबोध बायबल’ आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ही त्यांची वाङ्मयीन ओळख. हरित वसईच्या आंदोलनातील सहभाग ही तिचीच दुसरी बाजू.

५

‘सेवा’ या शब्दाचा प्रवास या टप्प्यावर स्पष्ट होतो. भक्तिपरंपरेत सेवा प्रामुख्याने देवाची. विसाव्या शतकाच्या आरंभी भारत सेवक समाज (१९०५) आणि पुण्याचे सेवासदन (१९०९) यांनी तिला लोकाभिमुख अर्थ दिला. हे वळण एकट्या ख्रिस्ती प्रभावाचे नव्हे. कॅथलिक परंपरेने त्यात भर घातली ती नित्यतेची: सकाळी अर्पण केलेला दिवस दुसऱ्याच्या कामी लावणे. १९४८ मध्ये भारतात आलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर (१९२४–२०२१) यांनी नगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचे काम उभारले. १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था त्यातूनच निघाली. बांधबंदिस्तीचे हे काम गावकऱ्यांच्या श्रमदानाशिवाय होऊ शकत नव्हते. शरणागतीने येथे माणसे वाकवली नाहीत. आपल्या शिवाराचा निर्णय घ्यायला उभी केली.

याच जिल्ह्यात हरेगाव येथे १९४९ पासून सप्टेंबरात भरणारी मतमाउलीची यात्रा मराठी मनाने केलेला भाषांतराचा एक मोठा प्रयोग आहे. मरिया ‘माउली’ झाली, आणि भाविक पायी चालत तिच्याकडे निघाले. येशूसंघीय गी दलरी यांनी तुकारामांचे फ्रेंच अनुवाद (१९५६) आणि विठोबाच्या उपासनेवरील प्रबंध (१९६०) लिहून वारीचा जो आदरपूर्वक अभ्यास केला, त्याच काळात सामान्य ख्रिस्ती माणूस तो अभ्यास पायांनी करीत होता.

यात्रा नैमित्तिक असते, प्रार्थना नित्य. पिंप्राळ्याच्या रथाला हात लावणारा भाविक आणि हरेगावला चालत जाणारा भाविक हे दोघेही दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. शरणागतीचा इतिहास त्या दुसऱ्या दिवसाचा आहे. तो पुराणाइतका सुश्लिष्ट नाही, त्याची हस्तलिखिते नाहीत. परंतु ‘दासी’ हा शब्द रोज उच्चारूनही कोणाची गुलाम न झालेली माणसे हा त्याचा पुरावा आहे, आणि जिथे ती झाली तिथे प्रार्थनेचा कोणता भाग म्हणायचा राहून गेला, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.