उमेदवारी कुणाला परवडते? बिनपगारी इंटर्नशिपची जुनी गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी मोबाइलवर आलेलं पत्र दाखवायला आली. डिजिटल डिझाइनच्या पदवीचं तिचं शेवटचं वर्ष. पुण्यातल्या एका स्टुडिओने तिला सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवडलं होतं. काम मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन तयार करण्याचं, आठवड्याचे सहा दिवस, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात. विद्यावेतनाच्या जागी लिहिलं होतं, ‘अनुभव प्रमाणपत्र’. इंटर्नशिपला क्रेडिट आहेत, ती केल्याशिवाय पदवी नाही. वडील नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. तिचा प्रश्न साधा होता, “दादा, सहा महिने पुण्यात राहू कशावर?”

हाच प्रश्न तिने कॉलेजातही विचारला होता. तिथे उत्तर मिळालं, “सगळेच करतात. आम्हीही उमेदवारी केलीच की!”

हा ‘उमेदवारी’ शब्द इथे नीट समजून घेतला पाहिजे. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते. पण इंग्रजी अमलातल्या कचेरीत उमेदवार म्हणजे नोकरीच्या आशेवर बिनपगारी राबणारा तरुण. तो कारकुनाशेजारी बसून कागद नकलून काढायचा, दप्तर लावायचा आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायचा. हे कुणाला जमत असे? ज्याचा काका-मामा आधीच कचेरीत बसलेला होता आणि ज्याच्या घरची चूल त्याच्या पगारावाचून पेटत होती, त्याला. सरकारी कचेऱ्या एकाच जातीच्या कामगारांनी कशा भरल्या आहेत, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सविस्तर मांडलं. बिनपगारी उमेदवारी ही त्या कचेऱ्यांत शिरण्याची एक वाट होती. दारावर ‘इतरांना मनाई’ अशी पाटी लावायची गरजच नव्हती. पगार न देणं हीच पाटी होती.

त्याच काळात आपले आजे-पणजेही मोबदल्यावाचून राबत होते. महार वतनात कामाला वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावं लागे. बदल्यात इनामाचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेलं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच गुलामीविरुद्ध. म्हणजे फुकटचं काम दोघांनीही केलं. पण कचेरीतल्या उमेदवाराला त्यातून खुर्ची मिळाली आणि वतनदाराच्या मुलाला पुन्हा तेच काम मिळालं. एकासाठी ती शिडी होती, दुसऱ्यासाठी बेडी. “आम्हीही उमेदवारी केली” असं म्हणणारे हा फरक विसरतात.

काम शिकण्याच्या जागेवर जात कशी पहारा देते, हे बाबासाहेबांनी मुंबईच्या गिरण्यांत पाहिलं होतं. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. गिरणीचं दार उघडं होतं, पण हुन्नर शिकवणारं खातं बंद होतं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यातून पुढे आलेली शिष्यवृत्ती आपल्याला माहीत असते. त्याच निवेदनातली दुसरी मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही. आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्यावं, असं बाबासाहेबांनी मागितलं होतं.

छापखानाच का? अक्षरजुळणी, पानाची मांडणी, चित्रांचे ठसे, हे सगळं तिथेच होई. आजच्या भाषेत तो त्या काळचा डिझाइन स्टुडिओ. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ चालवणाऱ्या आणि स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा करणाऱ्या माणसाला याचं मोल ठाऊक होतं. शिष्यवृत्तीने मुलगा वर्गापर्यंत पोचतो, पण हात तयार होतो तो कामाच्या जागी. म्हणून त्या निवेदनात दोन्ही मागण्या आहेत. आपण एक लक्षात ठेवली, दुसरी विसरलो.

स्वतंत्र भारतात १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा आला. ‘उमेदवार’ हा शब्द तोच राहिला, पण अर्थ बदलला. आता उमेदवाराशी करार करावा लागतो, त्याची नोंदणी होते, त्याला विद्यावेतन द्यावं लागतं, कामावर इजा झाली तर मालक जबाबदार असतो. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागाही राखीव झाल्या. शिकणाऱ्याच्या श्रमाला मोल आहे, हे कायद्याने मान्य केलं.

मग आपल्या मुलीच्या पत्रात विद्यावेतन का नाही? कारण हा कायदा तिच्यापर्यंत पोचतच नाही. शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला आहे. डिझाइन स्टुडिओ बहुधा दहा-पंधरा जणांचे असतात. शिवाय कॉलेजची इंटर्नशिप कॉलेजच्या पत्रावर चालते, त्यात कायद्याखालचा करार नसतो. २०२४ साली केंद्राने दरमहा ५,००० रुपयांची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली, राज्याने पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये देणारी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. आल्या तेव्हा दोन्ही योजनांत पूर्णवेळ शिक्षण सुरू असलेला विद्यार्थी बसत नव्हता. नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपला क्रेडिट दिले, म्हणजे सक्ती आली. खर्चाची जबाबदारी मात्र कुणीच घेतली नाही.

काही जण म्हणतील, शिकायला मिळतंय, वर पैसे कसले मागता? शिकवणं आणि काम करून घेणं यात फरक आहे. तुम्ही बनवलेला स्क्रीन स्टुडिओ ग्राहकाला विकत असेल, तर ते श्रम आहेत. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परिस्थितीच्या रेट्याने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावं लागणं हीसुद्धा संविधानाच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे. विद्यार्थी कायद्याच्या व्याख्येत कामगार नसेल, पण पदवी अडकवून करून घेतलेल्या फुकट कामात तो रेटा नाही असं कोण म्हणेल?

आणि गोष्ट सहा महिन्यांवर थांबत नाही. डिझाइनच्या मुलाखतीत गुणपत्रिकेआधी पोर्टफोलिओ पाहतात. ज्याच्या बापाने पुण्यात सहा महिने खोलीचं भाडं भरलं, त्याच्या पोर्टफोलिओत मोठ्या ग्राहकांची कामं दिसतात. पुढे त्यालाच ‘मेरिट’ म्हणतात. बापाच्या खिशातून आलेलं हे मेरिट आरक्षणावर बोट ठेवतं, तेव्हा त्याचा हिशेब मागितला पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. विद्यावेतन नसलेल्या इंटर्नशिपला विद्यापीठाने क्रेडिट देऊ नये. कुठल्या प्रवर्गातला विद्यार्थी कुठे लागला, काय विद्यावेतन मिळालं, याची नोंद कॉलेजने जाहीर करावी. स्वाधार योजनेसारखा राहण्या-जेवणाचा भत्ता इंटर्नशिपच्या शहरात मिळावा. आणि पुण्या-मुंबईत, बंगळुरूत या क्षेत्रात स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी एक खोली, एक ओळख, एक जुना लॅपटॉप एवढी जबाबदारी घ्यावी. पे बॅक टू सोसायटी म्हणतात ते हेच.

त्या मुलीने पुण्याचं पत्र नाकारलं. आता ती आमच्याच शहरात एका फ्लेक्सच्या दुकानात महिना ५,००० रुपयांवर डिझाइन करते. वाढदिवसाचे, दुकानांच्या उद्घाटनाचे, १४ एप्रिलचे बॅनर तिच्या हातचे असतात. कॉलेज म्हणतं, ही इंटर्नशिप धरता येणार नाही, कारण दुकानाला वेबसाइट नाही. आम्ही लेखी अर्ज दिला आहे आणि लेखी उत्तर मागितलं आहे. ते मिळेपर्यंत दर सोमवारी तिच्यासोबत कॉलेजात जाणार आहोत.

जय भीम!