विझलेली भट्टी, जागती माणसे

यवतमाळकडच्या माणसाला कारखाना बंद होण्याचे आणि पुन्हा सुरू होण्याचे नवल नाही. कापसाचा हंगाम सरला की जिनिंगची यंत्रे थांबतात, मजूर पांगतात. नवा कापूस आला की तीच यंत्रे पुन्हा धडधडू लागतात. अणुभट्टीचे तसे नाही. ती विझवता येते, पण तिला कुलूप लावून घरी जाता येत नाही.

मुंबईच्या ट्रॉम्बे येथील सायरस भट्टीचा इतिहास हेच सांगतो. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली, अमेरिकेच्या जड पाण्यावर चालू झालेली ही ४० मेगावॅटची भट्टी १० जुलै १९६० रोजी प्रथम पेटली. इस्पितळांना लागणारी किरणोत्सारी द्रव्ये तिने दिली. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटाचे प्लुटोनियमही तिच्यातलेच.

जळलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा कारखाना शेजारीच १९६४ मध्ये सुरू झाला. तेथे सारे काम तीव्र आम्लात चाले. यंत्रे व नळ झिजले आणि सत्तरच्या दशकात तो थांबवावा लागला. पण दुरुस्तीआधी किरणोत्साराने माखलेला प्रत्येक कोपरा धुणे आले. कारखाना पुन्हा चालू व्हायला ऐंशीचे दशक उजाडले.

पुढे पाळी सायरसची आली. ऑक्टोबर १९९७ मध्ये ती दुरुस्तीसाठी बंद झाली. इंधन बाहेर काढले गेले, जमिनीखालचे नळ तपासले गेले. जेथे माणसाला जाता येत नव्हते तेथली गळती दुरूनच, खास अवजारे घडवून, बुजवावी लागली. १९६० साली तेविशीत असलेला कारागीर तोवर साठीला टेकला होता. भट्टीचे अंगवळणी पडलेले ज्ञान त्याच्याबरोबर निवृत्त होणार, ही चिंता पैशांच्या हिशेबात कोठे मांडायची?

२००२ साली भट्टी पुन्हा पेटली. परंतु अमेरिकेशी झालेल्या अणुसमझोत्यानुसार २००६ साली ती कायमची बंद करण्याचे ठरले, आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी ती विझली. पाच वर्षांच्या खटपटीने मिळालेले आयुष्य जेमतेम आठ वर्षांचे! तिचा बराचसा भार १९८५ पासूनच्या ध्रुव भट्टीवर पडला.

अमेरिकेतील हॅनफर्डची कथा याहून मोठी. तेथील प्लुटोनियमचा एक कारखाना १९७२ साली थांबला, १९८३ साली पुन्हा चालू झाला आणि अखेर कायमचा बंद पडला. शेजारचे रिचलंड गाव याच उद्योगावर वसलेले. दर चढउताराबरोबर तेथल्या संसारांचाही चढउतार झाला. आज तेथे प्लुटोनियम होत नाही, तरी मागे राहिलेला विषारी कचरा आवरण्यासाठी हजारो माणसे कामावर आहेत.

म्हणून भट्टी बंद करण्याचा हुकूम एका कागदावर मावतो. तिची राखण मात्र पिढ्यांना करावी लागते. सरकारने खर्चाचा अंदाज मांडताना यंत्रांच्या किमतीबरोबर या राखणदारांची, त्यांच्या शिक्षणाची आणि त्यांच्या गावांचीही किंमत धरली पाहिजे. नाहीतर तो हिशेब अपुराच.