सुरी थांबली, झीज थांबली नाही

 परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले तेव्हा स्तनाच्या कर्करोगावर जगभर विल्यम हॅल्स्टेड यांची शस्त्रक्रिया प्रमाण मानली जाई. तिच्यात स्तन आणि काखेतल्या गाठींबरोबर छातीचे दोन्ही स्नायूही काढत. बरगड्यांवर जेमतेम कातडी उरे, खांदा आखडे, हात सुजे. बाईचा जीव वाचवताना तिच्या स्नायूची किंमत न मोजण्याची ही सवय माझ्या मते अजून पुरती सुटलेली नाही. त्या शल्यविशारदांवर ठपका ठेवणे मात्र अन्यायाचे ठरेल: बाया गाठ छातीला चिकटल्यावर येत, आणि केमो अजून आलेली नव्हती. पण १९४८ मध्ये लंडनच्या डेव्हिड पेटी यांनी मोठा स्नायू राखून शस्त्रक्रिया करण्याची रीत मांडली, आणि पुढे बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी दाखवून दिले की जास्त कापल्याने आयुष्य वाढत नाही.

सुरी मागे सरली, तरी स्नायू जातच राहिला: केमोने, मळमळीने, स्टेरॉइडने आणि अंथरुणाने. ही झीज वजनकाट्यावर दिसत नाही, कारण स्नायू घटतो तेव्हाच चरबी वाढू शकते आणि घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ३,२४१ रुग्णांचे सीटी स्कॅन तपासले गेले. सुमारे एक तृतीयांश जणींचे स्नायू कमी भरले, आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्के जास्त आढळला. कमी स्नायू हे कारण नसून आजाराच्या जोराची केवळ खूण असेल, हा आक्षेप रास्त आहे. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. म्हणूनच २००७ ची कॅनडातली चाचणी मला मोलाची वाटते. तिथे केमो चालू असताना वजने उचलणाऱ्या बायकांची ताकद वाढली, आणि ठरलेली मात्राही त्यांना अधिक पुरती घेता आली.

उरतो तो शस्त्रक्रियेनंतर मिळणारा ‘त्या हाताने काही उचलू नका’ हा सल्ला. हाताच्या सुजेची भीती खरी आहे, आणि ती सूज सोसलेल्या बाईला तिचे मोल सांगावे लागत नाही. पण २००९ च्या फिलाडेल्फियातल्या चाचणीत हात आधीच सुजलेल्या १४१ बायका होत्या. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. अशक्त, रक्त कमी असलेल्या बाईला थेट डंबेल द्या असे कोणी म्हणत नाही. तिला आधी पोटभर डाळ, अंडी, दूध हवे, आणि केमोच्या पहिल्याच चिठ्ठीवर फिजिओथेरपिस्टची वेळही लिहिलेली हवी.